मदत हवी आहे: टाकीखाली क्लोरिन ०.५, शेवटच्या नळाला शून्य, शिवाय गढूळ पाणी

मंडळी, हवेली तालुक्यातल्या एका गावाची नळयोजना आहे. २ लाख लिटरची उंच टाकी, तिथून १५० मिमीची मुख्य लाइन, गल्ल्यांत ९० मिमी पीव्हीसी. पाणी दिवसाआड दीड तास सुटतं. ओटी टेस्टला (पाण्यात उरलेला क्लोरिन रंगावरून मोजतात ती) टाकीखाली लिटरमागे ०.५ मिग्रॅ येतो, ओढ्यापलीकडच्या वस्तीत काहीच नाही. तिथे पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ, मग साफ. पावसाळ्यात जास्त. टाकीला ६०० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. पंचायतीत म्हणतात, दुप्पट टाका. भागेल का?

चावीवाला:
नाही. टाकीजवळच्या घरांतून वासाच्या तक्रारी तेवढ्या येतील.

दीड तासानंतर लाइन उताराकडे रिकामी होते आणि आत पोकळी तयार होते. मग जिथे सांधा उसवलाय, सॅडल (घरजोडणीसाठी पाइपावर बसवलेला पट्टा) ढिलं आहे, तिथून भोवतीचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी पहिल्या दहा मिनिटांत तेच नळाला येतं आणि क्लोरिन त्यातच संपतो.

टाकीपासून टोकापर्यंत दहा-बारा नळ ठरवा. प्रत्येक नळावर पाणी आल्यापासून पाचव्या मिनिटाला आणि तासाभराने, अशी दोनदा टेस्ट घ्या. ओटीचा पिवळा रंग लगेच वाचा. उशीर केलात तर आकडा फुगतो. क्लोरिन हळूहळू उतरत गेला तर टाकीतला डोस किंवा पाइपातला साठलेला थर बघायचा. दोन नळांच्या मधेच एकदम पडला तर घाण तिथेच शिरतेय. तासाभरानेही शून्यच राहिला तर त्या गल्लीत कोणी घरच्या बोअरची लाइन नळाला जोडलीय का ते बघा. हे वाटतं त्यापेक्षा बरंच सापडतं.

पहिला संशय माझा ओढ्यावरच्या एअर व्हॉल्व्हवर. त्याचं चेंबर पावसात भरतं. लाइन रिकामी होताना व्हॉल्व्ह हवा आत घेतो, पण चेंबर तुंबलेलं असेल तर हवेऐवजी तेच पाणी घेतो. वैतागून व्हॉल्व्ह बंद करू नका, मग पोकळी सांध्यांतून पाणी ओढेल आणि चढावर हवा अडकून प्रवाहही कमी होईल. व्हॉल्व्ह उचलून पुराच्या पातळीच्या वर घ्या, चेंबरला निचरा द्या. आतला गोळा गंजून अडकलाय का तेही बघा.

दुसरा संशय गटारातून गेलेल्या जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाच्या) घरजोडण्यांवर. गटाराच्या पाण्यात बुडालेला तुकडा बाहेरून गंजतो. पाणी चालू असताना तिथे बुडबुडे दिसले तर पाणी बंद झाल्यावर तिथूनच गटार आत जातं. तो तुकडा बदलून जोडणी गटाराच्या वरून न्या.

निवळी:
टीसीएलचा हिशेब: ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरिन धरला तर ६०० ग्रॅममध्ये २०० ग्रॅम, म्हणजे २ लाख लिटरला लिटरमागे १ मिग्रॅ. टाकीखाली ०.५ उरतोय, म्हणजे टाकीपर्यंत हिशेब बरोबर आहे. पण पोतं उघडं, ओलसर खोलीत असेल तर ताकद घटते, तेव्हा प्रत्येक पोत्याची तपासणी करून घ्या. पावडर थेट टाकीत टाकत असाल तर थांबवा. बादलीत आधी लगदा, मग पाणी, अर्धा-एक तास बसू द्या, वरची निवळीच टाकीत, चुना बाहेर. चुना टाकीच्या तळाशी साचला की पाणी सोडताना तोही गढूळपणा वाढवतो. पाणी सोडण्याआधी निदान अर्धा तास जाऊ द्या.

आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे नळाला किमान ०.२ हवा, विषाणूंची भीती असेल तर ०.५. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा पाण्यावरच संशय गेला होता, हे पंचायतीत सांगा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. वस्तीच्या टोकाला लाइन तिथेच संपते, वॉशआउट (गाळ धुवून काढायचा व्हॉल्व्ह) नाही. शिवाय निम्म्या घरांत नळाला डायरेक्ट जोडलेल्या मोटारी.

चावीवाला:
मग तिथे गाळ बसणारच. टोकाला ८० मिमीचा वॉशआउट बसवा, तोंड ओढ्याच्या पुराच्या वर. धुताना वेग सेकंदाला १ मीटर हवा; ९० मिमी लाइनीत तो सेकंदाला साधारण ५ लिटर. २० लिटरची बादली चार सेकंदांत भरायला हवी. त्याहून हळू असेल तर गाळ हलत नाही, पाणी वाया जातं. तेवढं मिळत नसेल तर धुताना बाकीच्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवा. नंतर मुख्य व्हॉल्व्ह हळूहळूच उघडा. झटक्यात उघडलात तर सगळा थर सुटतो आणि हादऱ्याने सांधे उसवतात.

मोटारी लाइनीतला दाब शून्याखाली नेतात, म्हणजे पाणी चालू असतानाच बाहेरचं आत ओढतात. त्या काढायला लावायच्या तर आधी दाब द्या. शेवटच्या नळाला गेज लावा. दाब ०.५ किलोच्या (दर चौरस सेंमीला) वर स्थिर राहत नसेल तर लोक मोटार सोडणार नाहीत. वस्तीला वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळी वेळ द्या.

तोवर वस्तीत पहिली पंधरा मिनिटं पिण्याचं पाणी भरू नका, आणि नंतर भरलेलंही उकळून प्या. साफ दिसणाऱ्या पाण्याचीही एचटूएस बाटली (जंतू तपासायची) लावा. काळी पडली तर दूषित. नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवाल तो शेवटच्या नळाचाच, टाकीखालचा नको.