अनुभव धागा : प्रवासातली तुमची आवड तीच राहिली का?

‘मला खिडकीच लागते’, ‘प्रवास रात्रीचाच बरा’ असं आपण वर्षानुवर्षं सांगत असतो. तिकीट काढताना तेच करतो का? मी कायम अप्पर बर्थवाली, मध्येच कुणी उठवायला नको म्हणून. परवा मात्र आपसूक लोअर मागितला आणि आवड बदलल्याचं तेव्हा कळलं. तुमचं कसं? शक्यतो जुन्या वह्या-डायऱ्या बघून लिहा, नुसत्या आठवणीवर माझा फारसा भरवसा नाही.

कुडाळवाला
लहानपणी मुंबई-कुडाळ एसटी. मे महिना, मागची सीट, कशेडी घाटाची वळणं, नाकाशी धरलेलं लिंबू. तेव्हापासून ठासून सांगायचो, प्रवास रात्रीचाच, झोपेत घाट निघून जातो. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. घाट सुटला, तरी मी रात्रीचीच गाडी धरत राहिलो! चार वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी मांडवी एक्स्प्रेसनं निघालो, दिवसाउजेडी. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपता संपेना, तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. रत्नागिरी सोडल्यावर पानवलच्या पुलावर, 64 मीटर उंचीवर, तोच हात सोडून खिडकीच्या गजांना नाक लावलं. गावाची वाट मी इतकी वर्षं झोपून काढली, याचं फार वाईट वाटलं. आता दिवसाचीच गाडी.

पासवाला
माझी आवड बदललेली नाही. डेक्कन क्वीन, पासधारकांचा डबा, ठरलेली मंडळी. 2021 साली व्हिस्टाडोम, म्हणजे काचेच्या छताचा डबा जोडला, एकदा बसून आलो. घाट सुंदर दिसला, पण गप्पांना कुणी नव्हतं.

वहीवाली
2009 साली केदारनाथ केलं. तेव्हा गौरीकुंडापासून 14 किलोमीटर चढण होती. ‘मला पायी चढायलाच आवडतं’ असं मी सगळ्यांना सांगत असते. तुमचा धागा वाचून वही काढली. त्या रात्री लिहिलंय, ‘पुन्हा पायी येणार नाही.’ अक्षर माझंच आहे.

सोलापूरहून
आमची आई जन्मभर म्हणायची, ‘मला नाही बाई फिरायची हौस.’ आम्हीही तेच खरं मानलं. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या वर्षी ती अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून आली, शेजारणींना घेऊन. परतल्यावर तिकिटं सरळ करून देवघरातल्या डब्यात ठेवते. हौस आधीपासूनच होती, असं मला वाटतं. तिला कधी विचारलं नाही. या रविवारी विचारते.