बिरलानगरच्या लाइनींत डबी नको, प्रश्न ठेवा
जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसने लपवलेली डबी शोधायचा खेळ. त्यासाठी मिल कामगारांच्या लाइनींत, म्हणजे क्वार्टरच्या रांगांत, भिंतीतल्या फटीत डबी ठेवावी, असं एकाने सुचवलंय; ते पटत नाही. त्या घरांत लोक राहतात. खिडकीखाली चाचपडणाऱ्या अनोळखी माणसाला हटकणारच, आणि ते रास्तच आहे. ग्वाल्हेरच्या बिरलानगरला मल्टी-कॅश, म्हणजे एकेका थांब्यावरून पुढचा थांबा शोधत शेवटच्या डबीपर्यंत जायचा प्रकार, शोभेल. लाइनींत फक्त प्रश्न ठेवा: सार्वजनिक पाटीवरचा आकडा वाचायचा, त्यातून पुढचे अक्षांश-रेखांश काढायचे. दोन जागांत किमान 161 मीटर अंतराचा खेळाचा नियम प्रत्यक्ष ठेवलेल्या वस्तूंनाच लागतो, असल्या थांब्यांना नाही, म्हणून ते जवळजवळ घेता येतात.

शेवटची डबी मोकळ्या जागी, जागामालकाला विचारून. अरुंद गल्लीत जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, फोन सहज 15-20 मीटर चुकतो. दोन-तीन वेगळ्या दिवशी जागेच्या अक्षांश-रेखांशाच्या नोंदी घेऊन सरासरी काढा. आणि डबीत शोधणाऱ्यांनी नाव लिहायला पेन्सिलच ठेवा, पावसाळ्यात पेनची शाई पसरते.