समुपदेशन फक्त तज्ज्ञांनीच करावं का?

सांजवारा
माझं मत: नाही. नैराश्य किंवा चिंता सौम्य-मध्यम असेल तर नीट प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनीही समुपदेशन करावं. झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये 14 आज्यांना घेऊन हे सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर आजी आणि रुग्ण. आजी ठरावीक प्रश्न विचारते, सगळ्या अडचणी बोलायला लावते, त्यातली एकच निवडायला सांगते आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करणार हे रुग्णाकडूनच काढून घेते. याची रीतसर चाचणी 2016 साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर या रुग्णांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी होती. तज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत माणूस खचत जातो हो. त्याला आज काय द्यायचं?

काठावरचा
अजिबात पटलं नाही. त्या चाचणीत कोणाला घेतलं नव्हतं तेही सांगा. आत्महत्येचा इरादा असलेले, सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) असलेले आधीच वगळले होते. आणि बायपोलरचा (कधी टोकाचा उत्साह, कधी नैराश्य अशा आजाराचा) रुग्ण नैराश्याच्या काळात आला तर साध्या नैराश्याचाच वाटतो. ‘पूर्वी कधी झोप नसतानाही दिवसच्या दिवस प्रचंड उत्साह होता का?’ हे विचारायचं राहिलं आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या, तर काहींना मेनिया, म्हणजे तोच टोकाचा बेभान उत्साह, होतो. थायरॉइडचं काम मंदावलं तरी अशीच मरगळ येते. माझ्या भावाचं बायपोलर ओळखायला काही वर्षं गेली. आमच्या घरानं ते भोगलंय.

सांजवारा
वाचून वाईट वाटलं. पण हे निदान डॉक्टरांकडेच हुकलं ना? समुपदेशक गोळ्या लिहीतच नाहीत.

पाऊलवाट
तज्ज्ञ मिळाला की उपचार मिळालेच असंही नाही. माझ्या पहिल्या थेरपिस्ट हुशार होत्या, पण दर वेळी मागचं सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. शेवटी मी जाणंच सोडलं. दुसरीकडे गेले तेव्हा आधीच विचारलं: तुमची पद्धत कोणती, आढावा कधी घेणार, फरक पडला नाही तर पुढे काय? त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. ज्यांना या प्रश्नांचा राग येतो त्यांच्याकडे जाऊ नका, पदवी कितीही मोठी असो.

काठावरचा
@पाऊलवाट, हे मान्य. पण @सांजवारा, त्या आज्यांच्या मागे पर्यवेक्षक असतात, गंभीर रुग्ण वर पाठवायची सोय असते. वर कोणी नसेल तर पाठवणार कुठे? आधी तज्ज्ञ वाढवा.

सांजवारा
तज्ज्ञ वाढायलाच हवेत. पण एक मानसोपचारतज्ज्ञ तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात. पर्यवेक्षकाची अट मला शंभर टक्के मान्य आहे, तज्ज्ञ वाढेपर्यंत थांबायची अट मात्र मान्य नाही.