मदत हवी आहे : पन्हाळ्याजवळ गजीनृत्य आणि हलगीचं दोन दिवसांचं शिबिर

नमस्कार मंडळी,

पन्हाळ्याच्या वाटेवर आमच्या एका स्नेह्यांचं शेत आहे. घर, विहीर, मोठं खळं, वीसेक माणसं निजतील एवढी जागा. तिथं शनिवार-रविवार लोकनृत्य आणि लोकवाद्यांचं शिबिर घ्यायचं मनात आहे. येणारे कोल्हापुरातलेच नोकरी-धंदेवाले, बरोबर पोरंबाळं. शाळेत लेझीम खेळलेत, त्यापुढं काही नाही.

धनगरांचं ढोलाच्या तालावरचं गजीनृत्य आणि हलगी हे चामड्याचं वाद्य, दोनच गोष्टी ठेवल्यात. पोवाडा, गोंधळ, जागरण सगळंच कोंबलं तर हाताला काही लागणार नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत गजी बघितलेल्यांना माझं म्हणणं पटेल. भंडाऱ्यानं पिवळंधमक झालेलं आवार, ढोलाचा घुमारा, कैताळांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, खणखणाट आणि हातातले रुमाल उडवत फिरणारे पटकेवाले. पाय कुठं पडतोय ते लांबून उमगतच नाही. त्यांच्या रांगेत उभं राहून शिकायचंय.

आता अडचण. गजी देवापुढं खेळतात. देवळापासून लांब, शेतावर येऊन शिकवा म्हटलं तर गजी खेळणाऱ्या मंडळींना खटकेल का? विचारायचं कुणाला, कसं? त्यांचं मन दुखावून मला काहीही करायचं नाही.

दुसरं मानधनाचं. सुपारी मिरवणुकीची असते, इथं दोन दिवस शिकवायचंय. हलगीवाल्यांना आपल्याकडं वाजवायला बोलवायचं आणि जेवायला मागं बसवायचं, असं फार झालंय. आमच्याकडं ते गुरुजी म्हणून येतील, पहिल्या पंगतीला बसतील. पण रक्कम कशी ठरवावी?

आणि महिना कोणता धरावा? पावसाळा नको, एवढंच नक्की.

प्रतिसाद १ :
गजी खेळणाऱ्यांच्या गावातल्या बिरोबाच्या (बिरदेवाच्या) पुजाऱ्यांना आणि जाणत्या मंडळींना आधी भेटा. फोनवर नको, समक्ष जा. देवाला नारळ-भंडारा वाहून मग विषय काढा. एकट्या ढोलवाल्याला गाठू नका, सगळ्या मंडळाचा होकार लागतो. काही पदं देवापुढंच म्हणायची असतात. ती वगळून बाकीचं शिकवू म्हणाले, तर तेवढ्यावर समाधान माना. आणि ज्यांच्या घरी मेंढरं आहेत, त्यातले बरेच दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात. गावात कोण राहणार ते आताच विचारून ठेवा.

प्रतिसाद २ :
हलगीसाठी पौष महिना बघा. लग्नं नसतात, जत्रांचा हंगाम चैत्रात, त्यामुळं वाजवणारे मोकळे सापडतात. मानधन धरताना त्यांचा दोन दिवसांचा बुडालेला रोजगार, जाण्यायेण्याचं भाडं आणि वर शिकवण्याचे पैसे असं धरा. निम्मे आधी द्या. खळ्यात शेकोटीची सोय हवीच. पहाटेच्या दवानं चामडं ढिलं पडतं, शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही. हल्ली चामड्याऐवजी फायबरचं पान (वाजवायचा पडदा) असलेली हलगीही मिळते. पोरांना सरावाला ती द्या, पण चामड्याची एकदा तरी त्यांच्याच हातानं शेकून घ्या. रात्री १० ला वाद्यं बंद ठेवा आणि शेजारच्या वस्तीवर आधी सांगून या.

मूळ प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. रविवारी पुजाऱ्यांना भेटायला निघतोय. बायका आणि मुलीही येणार आहेत, त्यांनी गजी शिकायला मंडळींची हरकत असते का? जाण्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.