मदत हवी आहे : बँकॉकमध्ये थाई अंत्यविधीला जायचं आहे

नमस्कार मंडळी. आमच्या घरमालकीणबाईंची आई परवा गेली. मी त्यांना इथल्या रीतीने 'पी' म्हणते, म्हणजे ताईच. आम्ही बँकॉकला नवे होतो तेव्हा त्यांनी सख्ख्या बहिणीसारखा आधार दिला, त्यामुळे तिथे काही चुकू नये असं मनापासून वाटतं.

वाटमध्ये, म्हणजे बौद्ध मठात, रोज संध्याकाळी भिक्षूंचं पठण आहे आणि रविवारी दहन. काळे कपडे घालायचे, बुद्धमूर्तीपुढे तीन उदबत्त्या पण मृत व्यक्तीसाठी एकच, पाय भिक्षूंकडे करायचे नाहीत आणि बाईने भिक्षूंना स्पर्श करायचा नाही, एवढं शेजारणीने सांगितलं.

पांढऱ्या पाकिटात पैसे देतात, ते साधारण किती आणि कोणाच्या हातात द्यायचे? दहनाच्या दिवशी चंदनाची फुलं वाहतात, ती तिथेच मिळतात ना? सासूबाईंचे गुडघे दुखतात, जमिनीवर पाय दुमडून बसणं त्यांना जमणार नाही. खुर्ची मागितली तर चालेल का? आणि सांत्वनाला थाईत काय म्हणतात? आपल्याकडे नुसता हात धरून बसलं तरी पुरतं, इथे अंगाला हात लावावा की नाही तेच कळत नाही.

थायलंडमध्ये राहिलेल्यांनी कृपया उद्या दुपारपर्यंत सांगा, संध्याकाळी निघायचं आहे.