अनुभव धागा: आधुनिक अमेरिकन कविता आणि लघुकथा, पेपरची तयारी

एम.ए. इंग्रजी आणि नेट देणाऱ्यांसाठी हा धागा. कुठली कविता कशी वाचावी, कथेची टिपणं कशी काढावीत आणि उत्तर नेमकं कुठे घसरतं, ते लिहा. 'मूळ संहिता वाचा' एवढ्यावर थांबू नका, ओळ दाखवा.

लगक्रम
सुरुवात छंदापासून करा. आपल्याकडची मुलं इंग्रजी ओळीलाही लघु-गुरू लावायला जातात आणि तिथेच फसतात. इंग्रजीत स्वराची लांबी मोजायची नसते, आघात (उच्चारातला जोर) मोजायचा असतो. फ्रॉस्टची 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग' (1923) मोठ्याने वाचा आणि आघात पडेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. ओळीत आठ अक्षरं, चार आघात. मग यमकं बघा: अअबअ, बबकब, ककडक, डडडड. प्रत्येक कडव्यातली तिसरी ओळ पुढच्या कडव्याचं यमक ठरवते. शेवटच्या कडव्यापुढे कडवंच नाही, म्हणून चारही ओळी एकाच यमकात येतात आणि अखेरची ओळ दोनदा येते. निवेदकाचं रेंगाळणं रचनेतच दिसतं. एवढं दोन वाक्यांत लिहून मगच आशयाकडे वळा.

'मेंडिंग वॉल' (1914) मध्ये 'गुड फेन्सेस मेक गुड नेबर्स' हे शेजाऱ्याचं वाक्य आहे. ते फ्रॉस्टचं मत म्हणून लिहिलेली उत्तरं ढिगाने सापडतात. दुरुस्तीची वेळ झाली हे शेजाऱ्याला कळवतो मात्र निवेदकच. भिंतीवर शंका घेणाराच दरवर्षी ती बांधायला बोलावतो, आणि सगळा ताण तिथे आहे.

तळटीप
एमिली डिकिन्सन नेमलेली असेल तर आधी आवृत्ती तपासा. 'बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ' ही कविता 1890 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, 'द चॅरिअट' या शीर्षकाने छापली गेली, आणि संपादकांनी चौथं कडवं गाळलं. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच प्रती त्याच छपाईवरून घेतलेल्या असतात. कडवी मोजा, सहा हवीत. गाळलेलं कडवं महत्त्वाचं आहे, कारण 8-6-8-6 अशी चाललेली अक्षरसंख्या तिथे 6-8-8-6 होते आणि त्याच जागी निवेदिकेला पहिल्यांदा थंडी जाणवते. पाच कडव्यांची प्रत वाचलेल्याला हा मुद्दा सुचणारच नाही. कवितेला क्रमांक देताना तो संपादक जॉन्सनचा (1955, क्र. 712) की संपादक फ्रँकलिनचा (1998, क्र. 479) हेही लिहा.

रिकामी ओळ
विल्यम्सची 'द रेड व्हीलबॅरो' (1923) सोळा शब्दांची आहे, पाठच करा. चार कडवी, प्रत्येकात आधी तीन शब्द, खाली एक. 'व्हील' आणि 'बॅरो', 'रेन' आणि 'वॉटर' हे जोडशब्द ओळीवर तोडले आहेत. वाचणारा तिथे अडखळतो आणि वस्तूचे भाग सुटे दिसू लागतात. 'इमेजिझमचं (नेमक्या प्रतिमेवर भर देणाऱ्या काव्यचळवळीचं) उदाहरण' एवढंच लिहून पुढे जाऊ नका.

चौथा भाग
फॉकनरच्या 'अ रोझ फॉर एमिली' (1930) साठी सारांश पाठ करणं फुकट आहे. दहा चिठ्ठ्या करा आणि एकेक घटना लिहा: वडिलांचा मृत्यू, करमाफी (1894), एमिलीचा प्रियकर होमर बॅरनचं येणं, आर्सेनिकची खरेदी, होमर शेवटचा घरात शिरतो, दुर्गंधी आणि रात्री टाकलेला चुना, चिनी मातीवरच्या रंगकामाची शिकवणी, करासाठी आलेलं शिष्टमंडळ, एमिलीचा मृत्यू, बंद खोली. आधी त्या काळाच्या क्रमाने लावा, मग कथेच्या पाच भागांत जशा येतात तशा. दुर्गंधी दुसऱ्या भागात येते, विष तिसऱ्यात. परिणाम आधी आणि कारण नंतर, म्हणून वाचक दोन्ही जोडत नाही. रहस्य टिकतं ते या उलटापालटीमुळेच.

बंद खोलीत शेवटी सापडणाऱ्या एमिलीच्या केसाबद्दल पुरावा द्या. तिचे केस पिकत पिकत लोखंडी करड्या रंगाचे झाले, ते होमर दिसेनासा झाल्यानंतर, आणि हे चौथ्या भागात सांगितलेलं आहे. होमरच्या प्रेताशेजारच्या उशीवरचा केस त्याच रंगाचा आहे. म्हणजे ती त्या खोलीत नंतरही जात होती. निवेदक 'आम्ही' आहे, अख्खं गाव आहे, आणि वरची एक खोली चाळीस वर्षं कुणी पाहिलेली नाही हे या 'आम्ही'ला आधीच ठाऊक आहे. गावाच्या जबाबदारीवरचा परिच्छेद इथूनच उभा राहतो.

पेन्सिल
हेमिंग्वेची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' (1927): बऱ्याच संवादांना 'तो म्हणाला, ती म्हणाली' जोडलेलंच नाही. समासात प्रत्येक वाक्यापुढे 'तो' किंवा 'ती' लिहून काढा. जोडपं बोलतं ते गर्भपाताबद्दल, पण तो शब्द कथेत एकदाही येत नाही, म्हणून तुमचा पुरावा संवादातूनच यायला हवा. स्टेशनच्या एका बाजूला सावली नाही, झाड नाही. दुसऱ्या बाजूला एब्रो नदीकाठची शेतं आणि झाडं. ती उठून फलाटाच्या टोकाला जाते आणि त्या दुसऱ्या बाजूकडे बघते. तेवढी हालचाल टिपा.

दुसरा श्वास
'कन्फेशनल' (कबुलीवजा, स्वतःचं खासगी आयुष्य मांडणारी कविता) हे विशेषण समीक्षक रोझेन्थलने 1959 मध्ये कवी लॉवेलच्या संग्रहाच्या परीक्षणात वापरलं. ते प्लाथला लावताना जपून. 'डॅडी'तली निवेदिका वडिलांना पुरलं तेव्हा दहा वर्षांची आहे. प्लाथचे वडील वारले तेव्हा ती आठ वर्षांची होती. हा फरक दाखवला की कविता म्हणजे चरित्र नव्हे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

लँग्स्टन ह्यूजची 'हार्लेम' 1951 ची आहे. ती 1920 च्या दशकात ढकलू नका. लांबणीवर पडलेल्या स्वप्नाचं काय होतं, याच्या आधीच्या शक्यता 'लाइक' लावून येतात. शेवटच्या स्फोटाच्या प्रश्नाला उपमाच नाही. अखेरच्या ओळीवर लिहायला एवढं पुरे.

घड्याळ
तीन तासांत चार दीर्घ उत्तरं असतील तर प्रत्येकी चाळीस मिनिटं, उरलेली वीस फेरतपासणीला. त्या चाळिसातली पहिली पाच मिनिटं लिहू नका, तीन अवतरणं ठरवा. अवतरण चार ते सहा शब्दांचं असावं. लांब ओळी हमखास चुकतात आणि परीक्षकाची नजर तिथेच जाते. कवीचं चरित्र दोन ओळींपेक्षा जास्त नको.

तळटीप
आवृत्तीचा मुद्दा कथेलाही लागू आहे. हेमिंग्वेच्या 'अ क्लीन, वेल-लाइटेड प्लेस' (1933) मधलं पुतणीने म्हाताऱ्याला गळफासातून खाली उतरवल्याबद्दलचं वाक्य प्रकाशकाने 1965 मध्ये एका वेटरच्या तोंडून काढून दुसऱ्याच्या तोंडी घातलं. तुमच्या पुस्तकात कुठला पाठ आहे ते बघा, आणि कुठला वेटर काय जाणतो यावर अख्खं उत्तर उभारू नका. वयाने मोठ्या वेटरची शेवटची 'नादा'ची (स्पॅनिशमध्ये 'काहीच नाही') प्रार्थना दोन्ही पाठांत तशीच आहे, आधार तिचा घ्या.