१९८३ची सह्यांची बॅट, १९७१चं पान आणि एक बॉल: किंमत कशी काढायची, टिकवायचं कसं?

मिऱ्याबंदर
वस्तू तीन आहेत. पहिली, पूर्ण आकाराची बॅट. पात्यावर १९८३च्या विश्वचषक संघातल्या ११ जणांच्या सह्या, काही निळ्या बॉलपेनने, काही काळ्या मार्करने. दुसरी, ऑटोग्राफ बुकातलं सुटं पान, १९७१च्या इंग्लंड दौऱ्यावरच्या संघाचं, शाई आणि बॉलपेन दोन्ही, एका कडेला सेलोटेप लावलेली. तिसरी, लाल लेदर बॉल, त्यावर काळ्या मार्करने एकच सही, कडेने तपकिरी-जांभळी झाक उमटायला लागली आहे. घर रत्नागिरीत, समुद्राजवळ. बॅट हॉलमध्ये खिडकीसमोर टांगलेली आहे.

विम्यासाठी आणि भावंडांत वाटणीसाठी किंमत हवी आहे. फ्रेमवाला म्हणतो पान लॅमिनेट करा आणि बॅटला पारदर्शक वॉर्निश मारा. करू का? सह्या खऱ्या आहेत हे कुणाकडून तपासून घ्यायचं?

खळ-टिश्यू
लॅमिनेशन नको, वॉर्निश नको. या दोन्हीतून मागे येता येत नाही. लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि चिकट थर कागदाच्या तंतूंत शिरतो, नंतर तो सोडवताना शाई सोबत येते. वॉर्निशमधलं द्रावक मार्करची शाई विरघळवतं, सही जागच्या जागी पसरते आणि वर्षा-दोन वर्षांत वॉर्निश स्वतः पिवळं पडायला लागतं. सहीवर हेअरस्प्रे मारायचा सल्लाही फिरत असतो, तोही याच जातीचा.

आज करायचं काम एकच: बॅट खिडकीसमोरून काढा. मार्करमधली रंगद्रव्यं उजेडाने उडतात आणि उडालेला रंग कुठल्याही उपायाने परत येत नाही. संग्रहालयं अशा शाईला ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड देतात. दिवसा खिडकीजवळ याच्या कितीतरी पट जास्त असतो. यूव्ही रोखणारं ॲक्रिलिक लावलं म्हणजे झालं असं समजू नका. ते अतिनील किरण अडवतं, पण साध्या दृश्य उजेडानेही शाई फिकी होतच राहते, फक्त वेग कमी होतो.

पानाबद्दल. सेलोटेप ओढू नका. जुन्या टेपचा गोंद कागदात मुरलेला असतो, ओढली की वरचा थर निघतो. टेप सहीवर आली असेल तर ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. टेप नुसती कोऱ्या कडेला असेल तर तशीच राहू द्या.

पान ठेवायला पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या. बाजारातली मऊ, वास येणारी, चकचकीत फाइल पीव्हीसीची असते. तिला मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि बॉलपेनची शाई ओढून घेतं, मग सहीची उलटी प्रत फाइलवर दिसते. फ्रेम करायचीच असेल तर मागेपुढे ॲसिड-फ्री बोर्ड, पान वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावून टांगतं ठेवा. चारही कडा चिकटवल्या की पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला जागा मिळत नाही आणि सुरकुत्या पडतात. काच आणि पान यांत निदान ३ मिमी अंतर हवं. आणि हॉलमध्ये पानाची रंगीत झेरॉक्स लावून मूळ आत ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

विलोवाला
बॅटचं मी सांगतो. जवसाचं तेल अजिबात नाही. खेळायच्या बॅटला लावतात म्हणून लोक सहीच्या बॅटलाही चोळतात, आणि बॉलपेनची शाई तेलकट असल्यामुळे ती त्यातच पसरते.

आता हे बघा: सह्या थेट लाकडावर आहेत की पात्यावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक थरावर, म्हणजे स्कफ शीटवर? नखाने बॅटच्या खालच्या टोकाजवळची कड चाचपली की शीटची कडा लागते. शीट काळाने पिवळी पडते, कडेने सुटते, आणि सुटली की सह्या शीटसकट जातात. सुटलेली कड फेव्हिक्विकने चिकटवू नका, ते पांढरं उमटतं आणि मार्कर उठवतं. शीटखाली न चिकटणारा कागद सरकवून बॅट शीटची बाजू वर करून आडवी ठेवा. ग्रिपचं रबर चिकट झालं असेल तर ते पात्याला किंवा डब्याला लागू देऊ नका, पण काढूही नका. ग्रिप बदललेली बॅट विकताना प्रश्न निघतात.

बॅटची लांबी जास्तीत जास्त ९६.५ सेंमी असते, त्यामुळे आतून १०० × १४ × १० सेंमीचा, म्हणजे १४ लिटरचा डबा पुरतो. खाली पांढरा पॉलिथिलिन फोम, दोन ठिकाणी आधार, सह्या वर.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के धरून चला. ६५-७० च्या वर सलग राहिली की बुरशी येते, आणि रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. झाकण घट्ट बसणारा डबा, आत आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर आणि ओलावा शोषणारी सिलिका जेल. इथेच बहुतेक जण चुकतात. पाव किलो कोरडी जेल एकदम टाकतात, आर्द्रता ३०च्या खाली जाते आणि बॅटच्या विलो लाकडाला कडेने चिरा पडतात. ५० ग्रॅमपासून सुरू करा, दोन दिवस थांबा, मीटर बघा, मगच वाढवा. नारिंगी जेल घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, पसरट थाळीत. गार झाल्यावरच परत डब्यात.

डांबराच्या गोळ्या नकोत. वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं आणि थंडीत तिचे स्फटिक वस्तूवरच जमतात. कडुनिंबाचा पालाही नको, तो स्वतःच ओलावा आणि किडे आणतो.

पॅव्हेलियनएंड
खरेपणा आणि किंमत, या क्रमाने.

सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग घ्या. बॉलपेनची रेघ कागदात किंवा लाकडात किंचित खोबण पाडते, वळणानंतर शाईचा छोटा गोळा साचतो. मार्करच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे रंग गडद दिसतो. छापील सहीत छेदावरही रंग सपाट असतो, किंवा ठिपके दिसतात. बऱ्याच बॅटींवर कारखान्यातच संघाच्या सह्या छापून त्यावर लाखेचा थर दिलेला असतो. त्या वस्तू म्हणून ठीक, पण ऑटोग्राफ नव्हेत. एकाच खेळाडूच्या दोन खऱ्या सह्या एकावर एक ठेवल्या तर कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या तर एक दुसरीवरून काढलेली आहे.

१९८३च्या संघात १४ खेळाडू होते. तुमच्या बॅटवर ११ आहेत, म्हणजे कोण नाही ते आधी लिहून काढा. कपिलदेवची सही नसेल तर किंमत सरळ खाली येते. यशपाल शर्मा २०२१मध्ये गेले, त्यामुळे सगळे १४ असलेली बॅट आता नव्याने तयार होऊ शकत नाही, आणि म्हणूनच पूर्ण संचाच्या बनावट बॅटी जास्त दिसतात. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने, सारख्या अंतरावर असतील तर सावध. तुमच्याकडे दोन प्रकारची शाई आहे हे वाईट लक्षण नाही.

१९७१च्या पानावर वाडेकर, सरदेसाई, सोलकर, बेदी आहेत का पाहा. चौघेही आज हयात नाहीत, नव्या सह्या मिळणार नाहीत. तुलना त्याच काळातल्या सह्यांशी करा, म्हाताऱ्या वयातल्या नको. तरुणपणी पूर्ण नाव लिहिणारे नंतर दोन फटक्यांत सही उरकतात. जांभळ्या (यूव्ही) दिव्याची चाचणी लोक सुचवतील. कागदातले चकाकी आणणारे पदार्थ साधारण १९५०नंतर आले, त्यामुळे १९३२ किंवा १९३६च्या संघाचं म्हणून विकलेलं पान दिव्याखाली निळसर पांढरं चमकलं तर संशय घ्यावा. १९७१च्या पानाला ती चाचणी काहीच सांगत नाही.

विक्रेत्यानेच छापलेल्या प्रमाणपत्राला मी शून्य गुण देतो. सह्या तपासून देणाऱ्या पीएसए, जेएसए, बेकेट या संस्थांचं मुख्य काम अमेरिकन खेळांचं. क्रिकेटच्या जुन्या भारतीय सह्यांना लंडनमधल्या क्रीडावस्तूंच्या लिलावघरांचं मत जास्त उपयोगी. त्याहून मोलाचा तुमच्या घरातला पुरावा: सही कुठे, कधी, कुणी घेतली याचं निवेदन, तेव्हाचं तिकीट, फोटो. सांगणारी व्यक्ती हयात असेल तर या आठवड्यात लिहून, सही-तारखेसह घ्या. कागद वेगळा ठेवा, पानाच्या मागे काही लिहू नका.

किंमत बघताना ऑनलाइन मागितलेले भाव सोडा, विकले गेलेले भाव बघा. धर्मादाय लिलावांचे आकडेही सोडा. २०११च्या अंतिम सामन्यातली धोनीची बॅट लंडनमध्ये एक लाख पौंडांना गेली, पण ती सामन्यात वापरलेली होती आणि पैसा दानाला जात होता. सही केलेली दुकानातली बॅट ही वेगळीच जात. सामन्यातली, खेळाडूला दिलेली पण न वापरलेली आणि दुकानातली, अशा तीन पायऱ्या धरा. आणि दुर्मीळपणा म्हणजे थोरपणा नव्हे: ब्रॅडमन यांनी आयुष्यभर इतक्या सह्या दिल्या की त्यांची साध्या कागदावरची सही लोकांना वाटते तेवढी महाग नसते.

लिलावाचा आकडा हातात येत नाही हेही लक्षात ठेवा. समजा हातोडा १,००,०००वर पडला. लिलावघर खरेदीदाराकडून वर घेतं तो २५ टक्के प्रीमियम धरून १,२५,००० छापून येतात. विकणाऱ्याला १५ टक्के कमिशन वजा जाऊन ८५,००० मिळतात. वाटणीला हा ८५,०००चा आकडा धरा, विम्याला १,२५,०००चा, कारण विमा तीच वस्तू परत विकत घ्यायचा खर्च भरून देतो. दोन्हीकडे एकच आकडा लावला की भावंडांत भांडण किंवा विम्यात तूट, दोन्हीपैकी एक ठरलेलं.

मिऱ्याबंदर
कपिलदेव आणि यशपाल शर्मा दोघेही आहेत. सह्या लाकडावर, शीट नाही. विम्याला मूल्यांकन प्रमाणपत्र लागेलच का? आणि बॉलच्या झाकेचं काय करू?

पॅव्हेलियनएंड
‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत मौल्यवान वस्तूंचं वेगळं कलम घेता येतं, त्यात रक्कम आधी ठरवून घेतात. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एका वस्तूचे १ लाखापर्यंत असेल तर प्रमाणपत्राची अट नसते. त्यावर गेलात तर लागेल. प्रत्येक वस्तूचे समोरून, मागून आणि तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि घराबाहेर एक प्रत ठेवा.

विलोवाला
बॉलची झाक पुसू नका. काळ्या मार्करमधले घटक वेगवेगळ्या वेगाने चामड्यात पसरतात म्हणून ती येते. थांबवता येत नाही, अंधार आणि थंडावा दिला तर मंदावते. पॉलिश, व्हॅसलीन, शू क्रीम काहीही नको, वरच्या लाखेसकट सही निघते. बेसबॉलसाठी मिळणारा ॲक्रिलिकचा चौकोनी डबा चालतो. क्रिकेट बॉलचा घेर २२.४ ते २२.९ सेंमी, बेसबॉलचा किंचित जास्त, त्यामुळे बॉल थोडा सैल बसतो. खाली कडी ठेवा आणि सहीची बाजू कशालाही टेकणार नाही असा फिरवून बसवा. बॉल आणि पान दोन्ही कॅमेऱ्याच्या छोट्या ड्राय कॅबिनेटमध्ये (आर्द्रता ठरवून ठेवणाऱ्या कपाटात) ५० टक्क्यांवर ठेवता येतील. बॅट त्यात मावत नाही, तिला डबाच.